एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचं पोलिओ लसीकरण : पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं (एआरटी) मिळतात तिथे, औषधांची वाट बघत बसलेले आईबाप, आजीआजोबा, मावश्या आणि काका मला जे विचारतात, तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न हळू आवाजातच येतात. काही जण दुसऱ्याचं नाव पुढे करून विचारतात. उत्तरं मात्र मोठ्याने सांगण्यासारखी आहेत. इथे दिलेली माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीतला निर्णय त्याचे रिपोर्ट पाहणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी किंवा एआरटी केंद्राच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

१. बाळाला एचआयव्ही आहे. पोलिओची लस द्यायची की नाही?

द्यायची, आणि वेळेवर द्यायची. ज्याची प्रतिकारशक्ती नाजूक आहे त्याला लसीची गरज इतरांपेक्षा जास्त असते. प्रश्न उरतो तो कोणती लस द्यायची एवढाच : तोंडात टाकायचे थेंब की इंजेक्शन? इंजेक्शनची लस एचआयव्ही असलेल्या प्रत्येक मुलाला चालते, मग सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशींवर एचआयव्ही घाला घालतो त्यांची रक्तातली मोजणी) कितीही असो. थेंब मात्र काही मुलांना देऊ नयेत. ती मुलं कोणती, ते प्रश्न ७ मध्ये सांगितलं आहे.

२. थेंब आणि इंजेक्शन यात नेमका फरक काय?

थेंबांमध्ये पोलिओचा जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यात वाढतो, शरीराला त्याची ओळख होते आणि आतड्याच्या अस्तरातही संरक्षण तयार होतं. पोलिओ पसरतो तो विष्ठेतून तोंडावाटे, त्यामुळे हा आतड्यातला पहारा समाजाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो. तो वाढत नाही, पसरत नाही आणि त्याच्यापासून पोलिओ होऊच शकत नाही. त्याने रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. विषाणू रक्तातून मज्जारज्जूकडे निघाला तर ती त्याला वाटेतच अडवतात. थोडक्यात, मूल लुळं पडण्यापासून वाचतं. आतड्यातला पहारा मात्र एकट्या इंजेक्शनने तितका बसत नाही.

आणखी एक फरक बहुतेक पालकांना ठाऊक नसतो. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. २५ एप्रिल २०१६ पासून भारतात थेंबांमधून दुसरा प्रकार वगळला आहे, त्यामुळे थेंब फक्त पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराविरुद्ध काम करतात. दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण हवं असेल तर आज इंजेक्शनला पर्याय नाही. म्हणून "थेंब झालेत ना, मग सुई कशाला?" असं म्हणून इंजेक्शन चुकवू नका.

३. लस दिल्यावर शरीरात काय होतं? एचआयव्ही त्यात कुठे आडवा येतो?

या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण पुढची बरीच उत्तरं यावर उभी आहेत.

पोलिओपासून वाचवण्याचं मुख्य काम प्रतिपिंडं करतात. ती बी-पेशी बनवतात. पण कोणत्या शत्रूविरुद्ध आणि किती चांगली प्रतिपिंडं बनवायची, हे बी-पेशींना टी-पेशींकडून कळतं, आणि त्यातल्या ज्या मदतनीस टी-पेशी, त्याच सीडी-४. एचआयव्ही नेमका त्यांच्यावरच घाला घालतो. शिवाय उपचार नसतील तर बी-पेशींचंही गणित बिघडतं. रक्तात प्रतिपिंडं भरपूर दिसतात, पण ती कोणावर नेम धरून नसतात. ज्या बी-पेशींनी जुनी ओळख लक्षात ठेवायची, त्याच कमी होत जातात.

याचे दोन परिणाम होतात, आणि ते वेगळे करून पाहायला हवेत. पहिला म्हणजे लस नीट लागत नाही. दुसरा म्हणजे लागलेली लस लवकर उतरते. अगदी तान्ह्या वयात प्रतिकारयंत्रणेची फारशी पडझड झालेली नसते, त्यामुळे पहिले डोस बऱ्याच मुलांना चांगले लागतात. आजाराची लक्षणं दिसू लागलेल्या मुलांमध्ये प्रतिसाद कमी पडतो. उपचाराविना वर्षं गेली तर सुरुवातीला मिळालेलं संरक्षणही ओसरतं.

एआरटी वेळेवर सुरू झाली की हे चित्र बदलतं. विषाणू दबतो, सीडी-४ वाढतात, लक्षात ठेवणाऱ्या पेशी टिकून राहतात आणि लसीला चांगला प्रतिसाद मिळतो. म्हणून "पोलिओची लस चांगली लागावी म्हणून काय करू?" असं कोणी विचारलं की माझं पहिलं उत्तर एकच असतं : बाळाची गोळी, पातळ औषध एकही दिवस चुकवू नका. लसीची ताकद बऱ्याच अंशी त्या औषधाच्या बाटलीत आहे.

४. बाळाचा एचआयव्ही रिपोर्ट अजून आलेला नाही. तोवर लस थांबवू का?

नाही. आईला एचआयव्ही असेल तर बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्याला होते. टाचेला टोचून कागदावर रक्ताचे ठिपके घेतात आणि ते प्रयोगशाळेत पाठवतात. लसीचा सहा आठवड्यांचा डोसही त्याच सुमारास येतो. रिपोर्टची वाट बघत बसलात तर लस मागे पडेल.

जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट म्हटलं आहे की पोलिओची लस देण्याआधी एचआयव्हीची तपासणी करण्याची अट नाही. ज्या बाळात लक्षणं नाहीत त्याला थेंब आणि इंजेक्शन दोन्ही चालतात. जन्मल्यानंतर दिला जाणारा "झिरो डोस"ही द्यायचा. त्या वयात बाळाला संसर्ग झालेला असला, तरी त्याची प्रतिकारशक्ती अजून ढासळलेली नसते.

५. मला एचआयव्ही आहे, पण बाळ निगेटिव्ह निघालं. त्याला काही वेगळं लागतं का?

लसीकरण नेहमीसारखंच. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रत्येक बाळ जन्माला येताना आईच्या रक्तातली काही प्रतिपिंडं घेऊन येतं. सुरुवातीचे महिने तेच त्याचं कवच असतं. आईला एचआयव्ही असेल तर हा वाटा बऱ्याचदा कमी मिळतो. दिलाशाची बाब अशी की आईकडून आलेली प्रतिपिंडं कमी असली तर लसीच्या कामात त्यांचा अडथळाही कमी होतो, म्हणून अशा बाळांना लस चांगली लागू शकते. पण लस मिळेपर्यंतचा काळ जास्त उघडा असतो. या बाळांच्या बाबतीत "पुढच्या महिन्यात बघू" नको.

आणि "निगेटिव्ह निघालं" म्हणजे नक्की कोणत्या तपासणीत, हेही समुपदेशकांना विचारून घ्या. सहा आठवड्यांची तपासणी शेवटची नसते. पक्कं निदान अठराव्या महिन्यानंतर होतं.

६. डोस कधी कधी द्यायचे?

सरकारी वेळापत्रकात थेंब असे आहेत : जन्मल्यापासून १५ दिवसांच्या आत झिरो डोस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना, आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यान बूस्टर. इंजेक्शन ६ आणि १४ आठवड्यांना मिळतं. २०२३ पासून त्यात ९ महिन्यांचा तिसरा डोस जोडला गेला आहे. हे इंजेक्शन म्हणजे ०.१ मिली. चा छोटा डोस, कातडीत दिला जाणारा. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

खाजगी बालरोगतज्ज्ञ ०.५ मिली. चा पूर्ण डोस स्नायूत देतात. बहुतेकदा तो सहा रोगांच्या एकत्रित लसीतूनच जातो. ६, १०, १४ आठवडे, दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर आणि ४ ते ६ वर्षांत आणखी एक. एचआयव्ही असलेल्या मुलासाठी मला हा मार्ग जास्त पटतो. तो परवडत नसेल तर सरकारी वेळापत्रक पूर्ण करा. अर्धवट सोडलेल्या महागड्या लसीपेक्षा उपकेंद्रावर पूर्ण केलेले डोस कितीतरी बरे.

डोस उशिरा झाला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेल्यापासून पुढे जायचं. दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवा.

७. थेंब कोणाला देऊ नयेत?

ज्या मुलात एचआयव्हीची लक्षणं दिसत आहेत किंवा ज्याचे सीडी-४ खूप कमी आहेत, त्याला थेंब देऊ नयेत. लक्षणं म्हणजे वजन न वाढणं, तोंडात सतत पांढरी बुरशी येणं, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, बरे न होणारे जुलाब अशा गोष्टी. पाच वर्षांखालच्या मुलांत सीडी-४ चा नुसता आकडा फसवा असतो, कारण लहान बाळांत तो मुळातच मोठा असतो. म्हणून टक्केवारी बघतात. १५ टक्क्यांच्या खाली गेली तर प्रतिकारशक्ती फारच खालावली असं मानतात. अशा मुलाला फक्त इंजेक्शन.

मधल्या टप्प्यातली मुलं म्हणजे एआरटी नुकतीच सुरू झालेली, रिपोर्ट जुना, वजन अजून रेंगाळतंय अशी. त्यांना माझ्या मते थेंबांची घाई नको. इंजेक्शन द्या, ताजा सीडी-४ येऊ द्या, मग डॉक्टर ठरवतील. इंजेक्शन उपलब्ध असताना धोका पत्करायचं कारणच नाही.

८. माझ्या मुलाला थेंब दिले गेले आणि नंतर कळलं की त्याचे सीडी-४ फार कमी होते. आता काय होईल?

आधी श्वास घ्या. थेंबांमधल्या दुबळ्या विषाणूमुळे लुळेपणा येणं ही मुळातच अत्यंत दुर्मिळ गोष्ट आहे. सर्वसाधारण मुलांत साधारण २७ लाख पहिल्या डोसांमागे एक, असा तिचा अंदाज सांगितला जातो. एचआयव्ही असलेल्या लाखो मुलांना जगभर थेंब मिळाले आहेत, कारण कित्येक देशांत तेव्हा कोणाला एचआयव्ही आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यातून असा लुळेपणा आल्याच्या नोंदी मोजक्याच आहेत. रुमानिया आणि झिंबाब्वे इथल्या एकेका बाळाची नोंद वैद्यकीय साहित्यात वारंवार येते. म्हणजे धोका शून्य नाही, पण घाबरून झोप उडवावी इतकाही नाही.

आता करायचं काय? एआरटी केंद्राला कळवा. पुढचे डोस इंजेक्शनने घ्या. पुढचे एक-दोन महिने मुलाच्या हातापायांच्या हालचालीकडे लक्ष ठेवा. अचानक ताकद गेल्यासारखी वाटली तर प्रश्न १९ मध्ये सांगितल्याप्रमाणे लगेच हालचाल करा. कोणत्या नर्सताईंनी थेंब दिले, त्यांच्यावर राग काढू नका. तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं, आणि न सांगण्याचा तुम्हाला हक्कही होता.

९. दंडावर फुगवटा येतो तो छोटा डोस एचआयव्ही असलेल्या मुलाला पुरतो का?

हा छोटा डोस म्हणजे पूर्ण डोसाचा पाचवा भाग. तो कातडीत देतात, कारण तिथे लसीला ओळखणाऱ्या पेशी दाट असतात. क्युबा आणि बांगलादेशातल्या अभ्यासांतून दिसलं की असे दोन छोटे डोस एका पूर्ण डोसापेक्षा चांगला प्रतिसाद देतात. भारताने ते स्वीकारलं त्यामागे हाच आधार होता, आणि जगभरच्या लसटंचाईचा रेटाही होता.

पण हे अभ्यास बहुतांशी निरोगी बाळांवरचे आहेत. ज्याच्या पेशीच दुबळ्या आहेत त्याला पाचव्या भागावर सोडणं अनेक बालरोगतज्ज्ञांना पटत नाही. ते स्नायूतल्या पूर्ण डोसाचा आग्रह धरतात, आणि तो आग्रह योग्य आहे. छोटे डोस आधीच झाले असतील तर ते वाया गेले असं मात्र नाही. पुढे पूर्ण डोसाचा बूस्टर मिळू शकतो का, एवढं विचारा.

१०. पल्स पोलिओच्या रविवारी काय करू? बूथवर मुलाचा आजार सांगावा लागतो का?

नाही सांगावा लागत. बूथवर कोणी विचारणार नाही आणि विचारण्याचा अधिकारही नाही.

तुमचं मूल एआरटीवर असेल, अंगाने बरं असेल, सीडी-४ चांगले असतील आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल, तर नेहमीसारखं बूथवर न्या. डाव्या करंगळीला शाई लागली की झालं.

अडचण येते ती ज्याला थेंब चालत नाहीत त्याच्या घरी. ही अडचण वैद्यकीय कमी आणि माणसांची जास्त, म्हणून जरा थांबून बोलते. रविवारनंतर पथकं घरोघर येतात. ज्या घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला त्या दारावर खडूने "पी" लिहितात, एखादं मूल राहिलं असेल तर "एक्स". त्या "एक्स"मुळे पुन्हा फेरी होते, शेजारी विचारतात, आशाताई ओळखीच्याच असतात, सासूबाईंना अजून काही माहीत नसतं. केवळ ती चौकशी टाळायला काही आया मुलाला थेंब पाजून मोकळ्या होतात. मी त्यांना दोष देत नाही. पण त्यावर उपाय आहे.

मोहिमेच्या आधी डॉक्टरांकडून साधी चिठ्ठी घेऊन ठेवा : "वैद्यकीय कारणाने तोंडी पोलिओ डोस देऊ नये. इंजेक्शनद्वारे पोलिओ लस दिली आहे." खाली सही, शिक्का आणि लसीची तारीख. त्यात एचआयव्हीचा शब्दही यायला नको. थेंब न चालण्याची इतर अनेक कारणं असतात : कर्करोगाची औषधं, स्टेरॉइड, जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार. चिठ्ठी पाहणाऱ्याला कारण कळत नाही आणि कळायची गरजही नाही. ही चिठ्ठी लसीकरणाच्या कार्डातच टाचून ठेवा. आणि आशाताई विश्वासातल्या असतील तर "डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय" एवढं खरंखुरं वाक्य त्यांना पुरतं.

११. धाकट्याला थेंब दिले. मोठ्याला एचआयव्ही आहे. घरात त्याला लागण होईल का?

थेंब घेतलेल्या बाळाच्या विष्ठेतून दुबळा विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो, साधारण दीड महिना धरून चला. घरातल्या इतरांना तो हातांवाटे पोहोचू शकतो. मोठा एआरटीवर असेल, तब्येत चांगली असेल आणि त्याच्या लसी झाल्या असतील तर काळजीचं कारण नाही. त्याचे सीडी-४ फार कमी असतील तर धाकट्यालाही थेंबांऐवजी इंजेक्शन देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

१२. बाळाला थेंब दिलेत, पण माझेच सीडी-४ कमी आहेत. दुपटी मीच धुते.

हा प्रश्न क्वचित येतो, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण आई स्वतःसाठी विचारतच नाही. ताई, बाळाचे थेंब थांबवायचे नाहीत. दुपटं बदलल्यावर आणि शी धुतल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी तर नक्कीच. घरात दुसरं कोणी असेल तर पहिले सहा आठवडे हे काम त्यांच्याकडे द्या. पुढच्या डोसांसाठी इंजेक्शनचा मार्ग आहे का ते विचारा. आणि तुमची एआरटी? तिची तारीख चुकली असेल तर उद्याच केंद्रात जा.

१३. एआरटी उशिरा, चौथ्या वर्षी सुरू झाली. आधीच्या लसी फुकट गेल्या का?

पूर्ण फुकट नाही, पण भरवसाही ठेवता येत नाही. औषधांनी सीडी-४ परत वाढतात. ज्या पेशी पोलिओ ओळखायला शिकल्या होत्या आणि मधल्या काळात नष्ट झाल्या, त्या मात्र आपोआप परत येत नाहीत. नव्या पेशी येतात त्या कोऱ्या असतात, त्यांना शिकवावं लागतं. चांगली गोष्ट अशी की एआरटीवर स्थिर झालेल्या मुलांना पुन्हा दिलेले डोस चांगले लागतात.

गोवराच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने एआरटीनंतर प्रतिकारशक्ती सावरली की जादा डोस द्यायला सांगितलं आहे. पोलिओसाठी सर्व देशांत पाळला जाणारा असा एकच नियम नाही. पण इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नाही आणि जादा डोसाने अपाय होत नाही. त्यामुळे निदान उशिरा झालेल्या मुलाला, सीडी-४ सावरल्यावर, इंजेक्शनचा पूर्ण डोस पुन्हा देण्याबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा. गर्दीच्या केंद्रात ते सुचवायचं राहून जाऊ शकतं.

१४. लस लागली की नाही, हे रक्त तपासून कळतं का?

तत्त्वतः कळतं. रक्त किती पटीने पातळ केलं तरी ते विषाणूला रोखतं, हे पाहतात, आणि १:८ किंवा त्याहून वरचं मोजमाप संरक्षण मानतात. पण या चाचणीला जिवंत विषाणू हाताळणारी खास प्रयोगशाळा लागते. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये ती होत नाही. कावीळ-बीच्या लसीसारखी सहज तपासणी इथे नाही. त्यामुळे शोधत फिरू नका. शंका असेल तर प्रश्न १३ मधला जादा डोस हा सोपा मार्ग आहे.

१५. लसीमुळे व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) वाढतो असं ऐकलं. खरं आहे का?

लस दिली की प्रतिकारपेशी जाग्या होतात आणि त्यांच्यात दडलेला एचआयव्हीही थोडा काळ जास्त दिसू शकतो. हे तात्पुरतं असतं, आपोआप खाली येतं आणि त्याने आजार पुढे सरकत नाही. एआरटी चालू असेल तर याचा विचारही करू नका. फक्त व्हायरल लोडची तपासणी लसीनंतर लगेचच्या दिवसांत आली, तर लस दिल्याचं तिथे सांगा.

१६. ताप, जुलाब, सेप्ट्रान, रक्त चढवणं... यात लस थांबवायची का?

सर्दी आणि किरकोळ तापात नाही. मूल खूप आजारी असेल, दाखल असेल, तर बरं होईपर्यंत थांबा. जुलाब चालू असताना दिलेले थेंब मोजायचे नाहीत, नंतर एक डोस जादा द्यायचा. थेंब लगेच थुंकले किंवा ओकले तर तिथेच पुन्हा पाजतात. सेप्ट्रानचा, म्हणजे कोट्रिमोक्साझोलचा, लसीशी काही संबंध नाही. एआरटीमुळेही लस थांबवायची नाही. रक्त चढवलं असेल तर गोवराच्या लसीसाठी थांबावं लागतं, पोलिओसाठी नाही. स्तनपानाने थेंबांचा परिणाम जात नाही. आई पाजत असेल तर पाजू द्या.

१७. भारत पोलिओमुक्त झाला. मग आमच्या मुलाच्या मागे एवढं का लागता?

भारतात रानटी पोलिओचा, म्हणजे लसीतून न आलेल्या मूळ विषाणूचा, शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. हे यश खरं आहे, आणि ते सहज मिळालेलं नाही. आपल्याकडच्या मुलांना थेंब मुळात कमी लागतात, हे वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिलं होतं. उत्तर प्रदेशात तर एका डोसामागे मिळणारं संरक्षण दहा टक्क्यांच्या आसपासच भरत होतं. म्हणून तर इतक्या रविवारी इतके डोस द्यावे लागले. निरोगी मुलांची ही गत, तर एचआयव्ही असलेल्या मुलाला थेंबांच्या दोन-तीन डोसांवर सोडून कसं चालेल?

विषाणू अजून संपलेला नाही. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो टिकून आहे. २०२२ मध्ये तिथल्याच वंशाचा विषाणू आफ्रिकेतल्या मलावीत सापडला, जिथे एचआयव्हीचं प्रमाण मोठं आहे. त्याच वर्षी लंडनच्या सांडपाण्यात लसजन्य विषाणू (थेंबांतल्या दुबळ्या विषाणूचं बदललेलं रूप) दिसला आणि न्यूयॉर्कजवळ एक माणूस लुळा पडला. २०२४ मध्ये मेघालयातल्या पश्चिम गारो हिल्स जिल्ह्यातही एका लहान मुलाला लसजन्य विषाणूची बाधा झाली. मुंबईचं सांडपाणी २००१ पासून याच कारणासाठी तपासलं जातं.

काही जण विचारतात, थेंबांतला विषाणू आमच्या मुलाच्या पोटात वर्षानुवर्षे राहून दुसऱ्यांना धोका करेल का? असं दीर्घकाळ विषाणू सोडणं दिसतं ते जन्मजात प्रतिपिंडंच न बनणाऱ्या आजारांत. एचआयव्ही असलेल्यांमध्ये केलेल्या पाहण्यांत असे वर्षानुवर्षांचे वाहक आढळलेले नाहीत. तुमचं मूल कोणासाठीही धोका नाही, हे स्वच्छ सांगते.

१८. आईवडील गेले. नातू माझ्याकडे आहे. लसीचं कार्डच नाही. आता कुठून सुरू करू?

आजी, कार्ड नाही म्हणजे लस झाली नाही असं धरायचं आणि पुढे जायचं. जास्तीच्या डोसाने नुकसान नाही. आधी जिथे जन्म झाला तिथल्या उपकेंद्रात नोंदवही असते, तिथे विचारा. मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर एआरटी केंद्रातून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. नातू पाचच्या पुढे असला तरी इंजेक्शनची लस देता येते. मुलगा बारा वर्षांचा असो की सोळा, डोस राहिले असतील तर वय झालं म्हणून सोडायचे नाहीत.

दवाखान्यात आजार कळल्यावर कोणी लस नाकारली, बोलणी दिली किंवा चारचौघांत वाच्यता केली, तर ते बेकायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचारात भेदभावाला त्यात बंदी आहे आणि गुप्तता पाळणं बंधनकारक आहे. १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा. तुमच्या भाषेत बोला, नाव सांगायची गरज नाही.

१९. मुलाचा पाय अचानक लुळा पडला तर?

थांबू नका, मालिश करत बसू नका, "झोपेत अवघडला असेल" म्हणू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक आलेला कोणताही लुळेपणा डॉक्टरांनी कळवायचाच असतो. मग कारण पोलिओ असो वा दुसरं काही, आणि बहुतेक वेळा ते दुसरंच असतं. तपासणीसाठी शौचाचे दोन नमुने लागतात, दोन्हींमध्ये किमान २४ तासांचं अंतर आणि लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत. उशीर झाला तर विषाणू सापडण्याची शक्यता कमी होते. त्या अवयवात इंजेक्शन देऊ देऊ नका. मुलाची एआरटी चालू आहे हे तपासणाऱ्या डॉक्टरांना एकांतात सांगा आणि औषधांची पिशवी सोबत न्या, म्हणजे दाखल केलं तरी एकही डोस चुकणार नाही.